शेवंतीच्या नावापुढची फुली

शेवंती घाडी तारीख वाचल्याशिवाय दुधाची पिशवी उचलत नसे. भाजीवाल्याला ती आधी काटा शून्यावर आणून दाखवायला लावी, आणि गॅसचं सिलिंडर आलं की सील दोनदा दाबून बघे. मुलुंड पूर्वेला नवघरच्या तिच्या चाळीत बायका तिला ‘इन्स्पेक्टरीणबाई’ म्हणत. ती हसत नसे आणि रागावतही नसे. म्हणायची, "फसलं कोण गं? मी की तुम्ही?"

तिचा सगळ्यात जुना संशय मात्र इंग्रजीवर होता, आणि तो उगाच आलेला नव्हता. लग्न होऊन ती कणकवलीहून परळला आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी नुकतीच बंद पडली होती. एका सकाळी सासऱ्यांचा पुतण्या इंग्रजीत टाइप केलेला कागद घेऊन आला. "काय नाय काका, नुसती सही. खोलीचा रेकॉर्ड व्हया." सासऱ्यांनी सही केली. सहा महिन्यांनी खोली पुतण्याच्या नावावर झाली आणि ही मंडळी नवघरला आली. त्या सकाळी पुतण्याला चहा शेवंतीनेच दिला होता, वर आग्रह करून बिस्किटंही दिली होती. ती बिस्किटं तिला पस्तीस वर्षांनीही आठवत.

पुढे ती घरकाम करू लागली. एका घरी बाई तिच्यासमोर फोनवर इंग्रजीत बोलल्या, हसून बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. तेव्हापासून शेवंतीने एक गाठ मारून ठेवली होती. आपल्यासमोर कुणी इंग्रजीत शिरलं, की ते आपल्या भल्याचं नसतं.

अशा बाईच्या वाट्याला टिपणीस सरांचं घर यावं, हा योगच म्हणायचा.

मधुकर टिपणीस घाटकोपरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. वय शहात्तर. बायको शर्मिष्ठा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलगी गंधाली बोरिवलीला राहायची. मिठागर रस्त्यावरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल. त्यात सर आणि त्यांची पुस्तकं. पुस्तकं कपाटात होती, कपाटावर होती, खुर्चीवर होती, आणि जेवायच्या टेबलावर एका ताटापुरती जागा सोडून बाकी सगळीकडे होती. शेवंती तिथे पाच वर्षं केर-फरशी आणि स्वयंपाक करत होती. रोज सकाळी बरोबर दहाला ती बेल वाजवी. सर दार उघडत, "ये" म्हणत आणि वर्तमानपत्रात तोंड घालत. माणूस बरा होता. चहात साखर किती, एवढं सोडून त्यांनी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मात्र सर बदलले.

एका सकाळी त्यांनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, मग मागे वळून हॉलभर नजर फिरवली आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "हिगल्डी-पिगल्डी." मग मान हलवली आणि आत गेले.

शेवंती चपला काढता काढता थांबली. पिग म्हणजे डुक्कर, एवढं तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी "टॉप्सी-टर्व्ही". तिसऱ्या दिवशी "हेल्टर-स्केल्टर". रोज दार उघडलं की एक शब्द, तोही शाळेतल्या हजेरीसारखा खणखणीत. मधेच एखाद्या दिवशी काहीच नाही. सर नुसते उभे राहायचे, ओठ हलायचे, आणि कपाळाला आठी घालून आत जायचे. शेवंतीला वाटायचं, चला, आजचा दिवस बरा गेला.

आणि मग एका मंगळवारी ते म्हणाले, "हगर-मगर."

तिची कानशिलं तापली. त्या दिवशी तिने भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. लवू भांडुपच्या एका गोदामावर पहारेकरी होता, स्वभावाने थंड. तो भाकरीचा तुकडा तोंडात घालत म्हणाला, "खुळी काय गो तू? मास्तर माणूस तो. तुका शिवी कित्याक घालतलो?"

"माझे कान काय फुटले आसत? हगर म्हणालो तो. माझ्या तोंडावर!"

"मगे तूच इचार ना तेका."

शेवंती मात्र विचारायच्या आधी पुरावा गोळा करणाऱ्यांतली होती.

तो तिला आठवड्याभरातच मिळाला. सर अंघोळीला गेले होते. टेबल पुसताना तिला एक निळी वही उघडी दिसली. पानावर रेघा आखून रकाने केले होते. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात, मराठीत, सुबक अक्षरात, ओळीने खालपर्यंत एकच नाव. शेवंती. शेवंती. शेवंती. तिसऱ्यात इंग्रजी काहीतरी आणि चौथ्यात खूण. कुठे बरोबरची, कुठे फुली.

तिने इकडेतिकडे बघितलं, मोबाइल काढला आणि फोटो मारला. मागचं पानही मारलं. बाथरूममधला नळ बंद झाला तेव्हा ती फरशीवर बसून पोछा पिळत होती, चेहऱ्यावर काही न दाखवता.

तिची मुलगी अक्षता घाटकोपरला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. ती संध्याकाळी घरी आली तशी शेवंतीने मोबाइल तिच्यापुढे धरला. अक्षताने फोटो मोठा केला, दोन-तीन शब्द शोधून बघितले, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, शिव्या नाहीयेत गं."

"मग?"

"सगळ्याचा अर्थ एकच. पसारा. गोंधळ. म्हणजे... सगळं अस्ताव्यस्त पडलंय, असं." तिने फोटोतल्या ओळीवरून बोट फिरवलं. "तुझं नाव, पुढे पसारा, पुढे फुली. आई, हा तुझा रिपोर्ट आहे यार."

शिवी परवडली असती. शिवी घालणाऱ्याला शेवंती दोन उलट घालू शकत होती. पण तिचं काम गबाळं? तिने पुसलेल्या फरशीवर जेवण वाढावं, असं तिने आधी काम केलेल्या घरांतल्या सगळ्या बायका म्हणत आल्या होत्या.

भरीला सुलक्षणा. ती त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम करायची. जिन्यात भेटली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या मॅडमने परवा मोबाइलवरनं बाई मागवली होती. ट्रायल म्हणे. काम झालं की तारे द्यायचे तिला. पाच तारे, चार तारे. तुझे सर पण तेच करत असतील बघ. आधी लिहून ठेवायचं आणि मग दाखवायचं, तुझ्यात एवढ्या चुका म्हणून. वाट लागणार आहे आपली."

शेवंतीला सगळं उलगडल्यासारखं वाटलं. बोरिवलीवरून गंधालीताईचा फोन रोज साडेदहाला यायचा, आणि सर बाल्कनीत जाऊन बोलायचे, दार लोटून. ते का लोटायचे, हेही आता कळलं.

मग तिने चंगच बांधला. पंख्याची पाती रोज पुसली. खिडक्यांच्या जाळ्या घासल्या, देवघरातली समई लिंबाने चमकवली, बाथरूमच्या फरशांमधल्या रेघा जुन्या ब्रशने पांढऱ्या केल्या. पाच वर्षांत केलं नव्हतं तेवढं तीन आठवड्यांत केलं. आणि सर अंघोळीला गेले की वही उघडून बघितली.

फुल्या वाढत होत्या.

आधी आठवड्यात एक असायची. मग दोन झाल्या, मग तीन. कंबर मोडेस्तोवर घासायचं आणि वर फुली! शेवंतीच्या मनात संशयाच्या जागी आता राग बसायला लागला. हा माणूस ठरवून करतोय. काढायचंच आहे आणि निमित्त शोधतोय.

जानेवारीत एकदा सर शेजारी किल्ली ठेवून दहाच्या आधीच केस कापायला गेले, तेव्हा तिने शेवटचा उपाय केला. हॉलमधली सगळी पुस्तकं उचलली, झटकली आणि उंचीप्रमाणे कपाटात लावली. मोठी खाली, मधली मधे, छोटी वर. खुर्च्या मोकळ्या झाल्या, टेबल मोकळं झालं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलची फरशी कोपऱ्यापर्यंत दिसली. ती पदराने घाम पुसत उभी राहिली. आता लिही म्हणावं पसारा.

सर आले. दारातच थांबले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. रागावतील किंवा खूश होतील, अशी शेवंतीची अपेक्षा होती. यातलं काहीच झालं नाही. सर घाबरले. अनोळखी घरात चुकून शिरल्यासारखे ते भिंतीला हात लावत आत आले आणि जिथे रोज वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. उजवा हात वर गेला, तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. मग ते खोलीत गेले, आणि शेवंतीला पेनाचा खरखर आवाज आला. दोन रेघा. फुली.

ती तिथेच उभी राहिली, हातात फडकं घेऊन. आज घरात कणभर पसारा नव्हता. आज सर एक शब्दही बोलले नव्हते. मग फुली कशाची?

भाजीवाल्याचा काटा पकडणारं तिचं डोकं चालायला लागलं. परवा फुली होती. परवा काय म्हणाले होते? काहीच नाही. सोमवारी? सोमवारीही काहीच नाही, नुसते ओठ हलवून आत गेले होते. बुधवारी ते ‘मिशमॅश’ म्हणाले, आणि बुधवारी बरोबरची खूण होती. तिने मनातल्या मनात एकेक दिवस जुळवला. सर बोलले की खूण, गप्प राहिले की फुली. एकही दिवस चुकत नव्हता.

फुल्या तिला नव्हत्याच.

ती खोलीच्या दारात गेली. सर वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसले होते.

"सर," ती म्हणाली, "हिगल्डी-पिगल्डी."

सरांनी चमकून मान वर केली.

"टॉप्सी-टर्व्ही," शेवंती म्हणाली. "हेल्टर-स्केल्टर. आणि ते एक, हगर-मगर. यातला कुठला आठवत नव्हता आता?"

सरांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. "तू माझी वही वाचलीस?"

"माझं नाव होतं त्यात. माझ्या नावाचं मी वाचणार."

"गंधालीने सांगितलं ना तुला? माझ्यावर लक्ष ठेव म्हणून? बरोबर दहाला येतेस, बरोबर इकडेतिकडे बघतेस. मला सगळं कळतं. आज पुस्तकं का हलवलीस? मला सापडतंय का ते बघायला?"

शेवंतीला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ती त्यांना हेर समजत होती आणि ते तिला.

"ताईंशी मी दिवाळीनंतर बोललेपण नाही," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मला काढणार. तुम्ही माझ्या नावापुढे फुल्या मारता म्हणून. तीन आठवडे मी तुमच्या बाथरूमच्या रेघा घासतेय, सर."

सरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. पाच वर्षांत ती त्या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

त्यांनी सांगितलं ते असं. शर्मिष्ठाबाईही इंग्रजी शिकलेल्या. नवऱ्याच्या खोलीत आल्या की पसारा बघून त्या एक शब्द टाकायच्या, रोज नवा. आठवडाभर एकही शब्द पुन्हा यायचा नाही, हा त्यांचा नियम. सर उलट दुसरा टाकायचे. असे तीस-बत्तीस शब्द दोघांच्या जिभेवर होते, चाळीस वर्षं. "हगर-मगर म्हणजे पसारा, आणि गुपचूप लपवून केलेलं कामही," सर म्हणाले. "तुला काय वाटलं?"

"ते जाऊ द्या," शेवंती घाईने म्हणाली.

दिवाळीत फराळाला आलेल्या भाच्याचं नाव सरांना आठवलं नव्हतं. मग एकदा बँकेत स्वतःची सही अडली. घाबरून त्यांनी स्वतःच परीक्षा ठरवली. जे शब्द सगळ्यात घट्ट बसलेत, त्यांतला रोज एक म्हणायचा; अडला तर मागाहून शोधून लिहायचा आणि पुढे फुली मारायची. वेळ ठरलेली हवी, आणि त्यांच्या दिवसात ठरलेली वेळ एकच होती. शेवंती येण्याची. म्हणून वहीत तिचं नाव.

"पुस्तकं मला जागेवरून सापडायची," ते म्हणाले. "खुर्चीवरचं कुठलं, टेबलावरचं कुठलं. नावं आठवत नाहीत गं आता."

शेवंती खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "ताईंना सांगा."

"ती मला बोरिवलीला नेईल आणि हे घर बंद करेल. नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"सर, मी खोटं बोलत नाही. आठ दिवसांत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

सर ताडकन उठले. "मग उद्यापासून येऊ नकोस."

ती फडकं वाळत घालून निघून गेली.

चार दिवस तिने कुणालाही फोन केला नाही. लवू म्हणाला, "सोड गो, त्येंच्या घरचा त्येंका." अक्षता म्हणाली, "आई, सांग. लॅबमध्ये असे किती येतात, उशिरा येतात." शेवंतीला झोप नव्हती. दहा वाजले की तिची बोटं आपोआप बेल शोधायची. त्या घरात आता दहा वाजता कोण येत असेल? कुणीच नाही. मग सर शब्द कुणाला म्हणत असतील? पाचव्या दिवशी तिने आठ दिवसांचा शब्द मोडला आणि गंधालीला फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर गंधाली थंड आवाजात म्हणाली, "बाबा म्हणाले तुम्ही काम सोडलंत. त्यांनी काढलं म्हणून तर हे सांगत नाही ना?"

शेवंतीच्या जिभेवर आलं होतं ते तिने गिळलं. संशय कसा असतो हे तिला दुसऱ्या कुणाहून जास्त माहीत होतं. "तसं समजा ताई," ती म्हणाली. "पण रविवारी त्यांना तुमच्या आईचे ते पसाऱ्याचे शब्द विचारा. किती येतात ते मोजा."

"मोजते," गंधाली म्हणाली. तो खेळ गंधालीने लहानपणी रोज ऐकला होता.

रविवारी सरांना बत्तीसपैकी पाच आले. सहाव्यासाठी ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आज पुरे." गंधाली स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मग डॉक्टर झाले, रक्त झालं, डोक्याचा फोटो झाला. कधीतरी एक छोटा झटका येऊन गेल्याची खूण निघाली, आणि बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि सांगितलं, की काही परत येईल, काही नाही येणार. पण आणखी वर्षभर थांबला असतात तर परत यायला फारसं उरलं नसतं. सरांनी हट्टाने घर सोडलं नाही. गंधाली आता आठवड्यातून तीनदा येऊ लागली.

फेब्रुवारीत ती नवघरच्या चाळीत शेवंतीकडे आली. दारातच म्हणाली, "मी फोनवर बोलले ते चुकलं माझं. याल का परत?"

शेवंतीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि अटी सांगितल्या. पहिली, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचं ते मराठीत. दुसरी, वहीत तिचं नाव राहील, पण काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायचं. गंधाली दोन्हीला हो म्हणाली. तरी शेवंतीने दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली.

सर महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. चुगलखोर, असं त्यांच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं असायचं. ती मात्र रोज दहाला दारात उभी राहून विचारी, "बोला सर. आज कुठला?" आणि शब्द येईपर्यंत चपला काढत नसे. हळूहळू पाचाचे नऊ झाले, नवाचे चौदा. एके दिवशी सर चिडून म्हणाले, "मीच का सांगू रोज? तू सांग की तुझे."

शेवंतीने कमरेवर हात ठेवले. "गबाळ. घोळ. काला. सावळागोंधळ. बजबजपुरी. उलथापालथ. अजून हवेत? गावाकडचे काढू?"

"थांब, थांब," म्हणत सरांनी पेन शोधलं आणि त्या दिवशी वहीत एक नवा रकाना आखला.

एप्रिलच्या एका सकाळी सरांनी ‘हॉजपॉज’, ‘पेल-मेल’ आणि ‘हर्ली-बर्ली’ असे तीन शब्द एका दमात फेकले. एवढी घाई शेवंतीला पटली नाही. सरांचा डावा हात पाठीमागे होता.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

सरांनी हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळव्यावर निळ्या शाईत बारीक अक्षरात तिन्ही शब्द लिहिलेले होते, घामाने थोडे पसरलेले. सर परीक्षेत पकडलेल्या पोरासारखे जमिनीकडे बघत होते.

शेवंतीने त्यांना बेसिनपाशी नेलं, साबण हातात दिला आणि शाई पूर्ण जाईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं आणि पुन्हा बेल वाजवली.